वायपरचं रबर बदलूनही काच धूसरच राहते? आधी पाण्याची वाट तपासा

नवं ब्लेड बसवलं की पंधरा-वीस दिवस काच लख्ख पुसली जाते. मग एका कडेला पाण्याची बारीक रेघ राहायला लागते. रेघेचा पट्टा होतो, तोही नेमका चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. आणि महिना-दीड महिन्यात वायपर खाली येताना टर्रर्र करत थरथरू लागतो. पुन्हा नवं ब्लेड, पुन्हा तेच. माझ्या गाडीला गेल्या पावसाळ्यापासून या जूनपर्यंत ब्लेडच्या तीन जोड्या लागल्या. चौथी घेण्याआधी मी मूळ शोधायला बसलो. ते ब्लेडमध्ये नव्हतंच, बोनेटखालून जाणाऱ्या पाण्याच्या नळीत होतं. आमच्या सोसायटीतल्या आणखी काही गाड्यांना हेच दुखणं आहे आणि तिथेही दरवेळी फक्त रबर बदललं जातंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मी नाशिकला इंदिरानगरात राहतो. आई कल्याणला थोरल्या भावाकडे असते, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा कसारा घाट आलाच. जूनच्या शेवटी एका शनिवारी निघायला उशीर झाला. घोटीपासून इगतपुरीपर्यंत पाऊस नुसता कोसळत होता आणि तेवढ्या पावसात वायपर मुकाट काम करत होते. घाटात शिरलो तेव्हा पाऊस ओसरला, भुरभुर राहिली, धुकं खाली उतरलं. पुढच्या टँकरच्या चाकांनी चिखल आणि तेलकट पाण्याचा फवारा थेट काचेवर मारला. मी पाण्यासाठी स्टिअरिंगजवळचा दांडा ओढला. वायपर लगेच हलले, पाणी आलं नाही. ते यायला तीनेक सेकंद गेली आणि तेवढ्यात कोरड्या रबराने तो चिखल सबंध काचेवर सारवला. समोरच्या टँकरचे लाल दिवे त्यात विरघळून गेले. बायको एवढंच म्हणाली, "अहो, बाजूला घ्या." डावीकडे थोडी जागा होती, तिथे थांबलो, चारी इंडिकेटर लावले आणि प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतून काच धुतली. ती तीन सेकंदं मी अजून विसरलेलो नाही. वायपरकडे गाडीतली किरकोळ वस्तू म्हणून बघणं त्या दिवसापासून बंद झालं.

ज्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवायचो तिथे तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं होतं, रबर कडक झालंय, बदलून टाकू. पाण्याबद्दल कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पाणी आणि वायपर ही दोन वेगळी कामं आहेत असंच डोक्यात होतं. घाटातल्या प्रकारानंतर द्वारका चौकाच्या बाजूला एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "दादा, आवाज मोठ्या पावसात येतो का भुरभुरीत?"

या एका प्रश्नात अर्धं निदान आहे. रबर काचेवर सरकतं ते पाण्याच्या पातळ थरावरून. तो थर वंगणाचं काम करतो. पाऊस जोरात असेल तर थर जाड असतो, मग ब्लेड थोडं खराब असलं, काच थोडी तेलकट असली तरी खपून जातं. भुरभुरीत थर तुटतो, रबर क्षणभर चिकटतं, क्षणभर सुटतं आणि त्यातून थरथर होते. आपल्या जिल्ह्यात तर हा फरक एकाच प्रवासात दिसतो. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, आणि सिन्नर-येवल्याकडे त्याहूनही कमी. इगतपुरीत गप्प असलेला वायपर विल्होळी ओलांडून मुंबई नाक्याच्या रिमझिमीत आला की बोलायला लागतो. त्यामुळे तुमची गाडी मोठ्या पावसातही रेघा सोडत असेल तर संशय ब्लेडवर घ्या. फक्त भुरभुरीत आणि पाणी मारतानाच कटकट असेल तर काच, पाणी आणि दांडी (ब्लेड धरून ठेवणारा वायपरचा हात) या तिघांची आधी चौकशी करा.

इलेक्ट्रिशियन काकांनी मला डोळ्याचं उदाहरण दिलं आणि ते मनात घट्ट बसलं. पापणी कधी कोरडी फिरत नाही, डोळ्यात पाणी असतं म्हणून ती डोळा पुसू शकते. योगायोग असा की थांबून-थांबून चालणाऱ्या वायपरची कल्पना अमेरिकेतल्या रॉबर्ट कर्न्स या इंजिनिअरला पापणीवरूनच सुचली होती. त्याने १९६४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे मोठ्या मोटार कंपन्यांशी वर्षानुवर्षं कोर्टात झगडला. त्याच्याही कितीतरी आधी, १९०३ मध्ये, मेरी अँडरसन या बाईंनी काच पुसायच्या यंत्राचं पेटंट मिळवलं होतं. ते आतून हाताने दांडा ओढून चालवायचं होतं. एवढी वर्षं गेली तरी मूळ काम तेच आहे: रबराची एक पातळ कड, तिच्यावर सारखा दाब आणि काचेवर पाणी. यातलं एक कमी पडलं की बाकीची दोन बिघडायला लागतात.

आता यंत्रणा थोडक्यात. १२ व्होल्टची एक मोटर असते. ती भराभर फिरते, पण तिच्या टोकाला वर्म गिअर असल्यामुळे वेग उतरतो आणि जोर वाढतो. गिअरच्या दांड्यावर एक छोटी क्रँक असते, तिला जोडलेल्या सळ्यांना आपल्याकडे लिंकेज म्हणतात. मोटर एकाच दिशेने गोल फिरत राहते, लिंकेज त्या गोल फिरण्याचं मागे-पुढे होण्यात रूपांतर करतं. हळू वेगात मिनिटाला साधारण चाळीस-पंचेचाळीस फेऱ्या होतात, जोरात साठच्या आसपास. हे दोन वेग मोटरमधल्या कार्बन ब्रशमुळे मिळतात. नेहमीचे दोन ब्रश समोरासमोर असतात, तिसरा थोडा बाजूला सरकवलेला असतो. तिसऱ्यातून वीज दिली की मोटर जास्त वेगाने फिरते. म्हणून फक्त एकच वेग बंद पडला असेल तर मोटर गेली असं लगेच मानू नका. तो ब्रश झिजलेला असतो किंवा दांड्याच्या स्विचमधला संपर्क खराब झालेला असतो.

पाण्याची बाजू आणखी साधी आहे. पुढच्या चाकाजवळ किंवा बंपरच्या कोपऱ्यात एक प्लास्टिकची टाकी, बऱ्याच छोट्या गाड्यांत दोन-तीन लिटरची. टाकीच्या बुडाशी रबरी ग्रोमेटमध्ये, म्हणजे भोकातल्या रबरी कडीत, घट्ट बसवलेला छोटा पंप. तिथून एक नळी बोनेटच्या बिजागरीजवळून वर जाते आणि नोझलना मिळते. या नळीत, किंवा काही गाड्यांत नोझलमध्येच, बोटाच्या पेराएवढा एक व्हॉल्व्ह असतो. तो पाण्याला वर जाऊ देतो, परत खाली येऊ देत नाही. टाकी खाली आणि नोझल वर असल्यामुळे हा व्हॉल्व्ह नसला तर प्रत्येक वापरानंतर नळी रिकामी होईल. पुढच्या वेळी पंपाला आधी सगळी नळी भरावी लागेल, आणि मगच काचेवर थेंब पडेल.

माझ्या गाडीत नेमकं हेच होत होतं. व्हॉल्व्हमध्ये क्षार साचून तो अर्धवट उघडा राहिला होता. दरवेळी दांडा ओढला की पहिल्या दोन-तीन फेऱ्या कोरड्या होत. उन्हाळाभर रस्त्यावरची धूळ, पावसाळ्यात चिखल, आणि त्यावरून कोरडं रबर. रबराची काच पुसणारी कड इतकी बारीक असते की वाळूचे चार कण तिला खाऊन टाकतात. वर्कशॉपवाले म्हणत होते ते खोटं नव्हतं, रबर खरंच खराब झालेलं असायचं. पण ते कशाने होतंय याकडे कोणी बघितलं नाही.

क्षार आले कुठून, तर मीच भरलेल्या पाण्यातून. आमच्या सोसायटीला वापरायला बोअरचं पाणी आहे. काळ्या पाषाणातलं ते पाणी जड असतं, बादलीला पांढरा थर बसतो. त्यात मी दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी बाटलीत धरून टाकीत ओतत होतो. पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगली होती, पण आरओ जे क्षार गाळून बाजूला काढतो ते सगळे त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला ठीक आहे, वॉशरच्या टाकीत नको. वर भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकायचो. साबणाचा फेस होतो, तो काचेवर वाळून पातळ पापुद्रा राहतो आणि रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्या पापुद्र्यात फाकतो.

तुमच्या गाडीत पाण्याची गडबड आहे का, हे दहा मिनिटांत कळतं. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑनवर घ्या आणि दांडा ओढा. घरातल्या कोणाला तरी बोनेटजवळ उभं करा. पंपाची घुंईऽऽ ऐकू येते का? येत नसेल तर फ्यूज, स्विच, पंपाचा कनेक्टर किंवा स्वतः पंप. फ्यूज कुठला ते गाडीच्या पुस्तकात असतं. आवाज येतोय पण पाणी नाही, तर टाकी रिकामी, नळी सुटलेली किंवा फुटलेली, नाहीतर वाट तुंबलेली. आवाज येतोय, पाणीही येतंय, पण आधी दोन-तीन सेकंद वाट बघावी लागते, आणि लगेच दुसऱ्यांदा ओढलं की झटक्यात येतं, तर तो व्हॉल्व्ह. ही शेवटची खूण अगदी पक्की आहे.

पाणीच येत नसेल तर नोझलजवळची नळी हाताने ओढून काढा, तिचं तोंड बाहेरच्या बाजूला धरा आणि पुन्हा दांडा ओढायला सांगा. नळीतून चांगली धार आली तर दोष नोझलचा. धार आलीच नाही किंवा नुसती ठिबकली तर दोष मागे, पंप आणि टाकीकडे. बोनेट उघडताना-मिटताना नळी बिजागरीपाशी सारखी वाकते, तिथे ती चिरते. तेवढा भाग बोटाने चाचपून बघा. पावसाळ्यात तळघरातल्या पार्किंगला उंदीर येतात, ते नळ्या कुरतडतात. आमच्या शेजारच्या वहिनींच्या गाडीत मी मोठ्या खात्रीने व्हॉल्व्ह तपासायला गेलो आणि तिथे उंदराने नळीचा बोटभर तुकडाच नेला होता.

नोझल साफ करताना बहुतेक जण टाचणी बाहेरून आत खुपसतात. त्याने खडा आणखी आत जातो आणि आठवड्याने पुन्हा अडकतो. नळी काढलेली असतानाच नोझलच्या बाहेरच्या तोंडातून आतल्या बाजूला हवा मारा, म्हणजे कचरा आल्या वाटेने मागे बाहेर पडतो. पंक्चरवाल्याकडची हवा चालेल, पण दाब बेताचा ठेवा. पंख्यासारखा पसरट फवारा मारणाऱ्या नोझलमध्ये तर टाचणी नकोच, आतला नाजूक आकार बिघडतो. तोंडाशी फिरती गोळी असलेल्या नोझलची दिशा मात्र टाचणीने बदलता येते. गाडी उभी असताना फवारा काचेच्या मध्यापेक्षा थोडा वर पडू द्या, कारण महामार्गावर वारा त्याला खाली दाबतो.

पण फक्त नोझल साफ करून थांबलात तर महिन्याभरात पुन्हा तीच वेळ येईल, कारण गाळ टाकीत आहे. मी आधी एक बारीक नळी घालून टाकीतलं पाणी उपसलं. खालचं पाणी हिरवट होतं, वास येत होता. असं महिनोन्‌महिने साचलेलं साधं पाणी चांगलं नाही, त्यात लिजिओनेला नावाचा फुफ्फुसाला त्रास देणारा जिवाणू वाढू शकतो आणि फवाऱ्यातून तो नाकातोंडात जाऊ शकतो. मग कोमट पाण्यात व्हिनेगर मिसळून टाकी भरली आणि अर्धा तास ठेवली. नोझलजवळची नळी काढून बादलीत सोडली आणि पंपाने ते पाणी बाहेर काढलं, पाच-सात सेकंद चालवायचं, थोडं थांबायचं. पंपाला पाण्यानेच गारवा मिळतो, कोरडा चालवला तर तो जळतो, हे टाकी रिकामी व्हायला आली की विशेष लक्षात ठेवा. पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. पंप थोडा पिळून ग्रोमेटमधून ओढला की ती हाताशी येते. माझ्या जाळीवर काळा बुळबुळीत थर होता. परत बसवताना ग्रोमेटला साबणाचं पाणी लावलं की पंप सहज आत जातो. सगळ्यांत शेवटी दोनदा साध्या पाण्याने धुवून काढलं. रंगावर सांडलेलं व्हिनेगर लगेच धुऊन टाका.

व्हॉल्व्ह लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजत घालून बघितला, काही फरक पडला नाही, म्हणून नवा टाकला. तपासायची रीत सोपी: स्वच्छ धुऊन घ्या आणि दोन्ही बाजूंनी हवा मारा. एका बाजूने जायला हवी, दुसऱ्या बाजूने अडायला हवी. दोन्हीकडून गेली तर बाद. बसवताना त्याच्यावरचा बाण नोझलकडे ठेवा, उलटा बसला तर पाणी येणारच नाही.

आता मी टाकीत डिस्टिल्ड वॉटर भरतो, बॅटरीत घालतो तेच, आणि त्यात काचेसाठी मिळणारं तयार वॉशर लिक्विड बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. रोज एवढा खर्च नको वाटत असेल तर गंगापूर धरणाचं नळाला येणारं पाणी बोअरपेक्षा बरं. एसीचं ठिबकणारं पाणीही क्षाराच्या दृष्टीने चांगलं असतं, फक्त ते स्वच्छ फडक्यातून गाळून घ्या आणि साठवून जुनं करू नका.

पाण्याचं झालं, आता काच. पाणी ठीक झाल्यावरही माझ्या गाडीत खाली येतानाची थरथर थोडी उरली होती. काचेवर साध्या पाण्याचा मग ओतून बघा. काच स्वच्छ असेल तर पाणी एकसारखं पसरून खाली उतरतं. ठिकठिकाणी मण्यांसारखे थेंब उभे राहिले तर तिथे तेलाचा, मेणाचा किंवा झाडाच्या चिकाचा थर आहे. महामार्गावर ट्रकच्या धुराचा तेलकट थर बसतो, धुलाई केंद्रात बॉडीला लावायचं पॉलिश फडक्यावरून काचेला लागतं. द्राक्षाच्या दिवसांत पिंपळगाव-निफाड-दिंडोरीकडच्या रस्त्यांनी जात असाल तर बागांतल्या फवारणीचा तुषारही काचेवर येतो. मोरचूद-चुन्याचे निळसर ठिपके वाळले की पाण्याने निघत नाहीत, व्हिनेगरने सुटतात. तेलकट थरासाठी मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ मायक्रोफायबर कापड वापरलं. चिकासाठी क्ले बार, म्हणजे मळ उचलणारी मऊ चिकणमातीसारखी वडी मिळते, ओल्या काचेवर ती हलक्या हाताने फिरवायची. राख किंवा रांगोळी मात्र काचेला कधीच लावू नका. दोन्हीत काचेला ओरखडे पाडणारे कण असतात, आणि एकदा ओरखडा पडला की तो कुठल्याच रबराने झाकला जात नाही. पाणी झटकणारं कोटिंग लावलेलं असेल तर शहरातल्या कमी वेगात, भुरभुरीत, थरथर येऊ शकते. माझ्या मते आपल्याकडच्या गर्दीच्या रस्त्यांना ते न लावलेलंच बरं.

काच आतूनही बघा. नव्या गाडीतलं प्लास्टिक उन्हात तापलं की त्याची वाफ आतून काचेवर बसते आणि डॅशबोर्डच्या पॉलिशनेही तसंच होतं. रात्री समोरच्या दिव्यांभोवती दिसणारी धूसर चकाकी पुष्कळदा आतली असते आणि माणूस बाहेरचा वायपर बदलत बसतो. बोट फिरवून रेघ उमटली तर आतून पुसायची गरज आहे.

यानंतरही थरथर फक्त एकाच दिशेला होत असेल, जाताना गप्प आणि येताना टर्रर्र, तर दांडी पिळली गेली आहे. रबराची कड प्रत्येक फेरीच्या टोकाला उलटते. जाताना एका बाजूला कललेली असते, येताना दुसऱ्या बाजूला, म्हणजे ती काचेवरून ओढली जाते, ढकलली जात नाही. दांडी थोडी जरी फिरली तरी एका दिशेला कड उलटत नाही, ढकलली जाते आणि काचेवर उड्या मारते. गाडी धुणारी मुलं दांडी उभी करताना पिळतात, त्यातून हे होतं. वायपर काचेच्या मध्यावर असताना चावी बंद करा आणि दांडीच्या टोकाकडून डोळा लावून बघा. रबर काचेला काटकोनात उभं दिसायला हवं. कललेलं असेल तर दांडीवर फडकं गुंडाळून पान्याने अगदी थोडं उलट पिळायचं, पुन्हा बघायचं. पिळण्याआधी ब्लेड काढून ठेवा. आणि त्याहून महत्त्वाचं, ब्लेड काढलेली दांडी काचेवर आपटली तर काच तडकते, म्हणून काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवल्याशिवाय या कामाला हात लावू नका. हे काम मी स्वतः न करता काकांकडून करून घेतलं. त्यांना दोन मिनिटं लागली.

दांडीच्या स्प्रिंगचा जोर कमी झाला की ब्लेड महामार्गाच्या वेगात उचललं जातं. सामान तोलायचा हूकवाला काटा ब्लेडजवळ अडकवून दोन्ही दांड्या काचेपासून जेमतेम सुटेपर्यंत ओढा आणि आकडे ताडून बघा. ब्लेडच्या लांबीमुळे थोडा फरक असेलच, पण एक अगदीच सैल वाटली तर स्प्रिंग बघा. उन्हाळ्यात दांड्या उभ्या करून ठेवायची काहींना सवय असते. महिनोन्‌महिने तसं ठेवण्याऐवजी आठवड्यातून एकदा पाणी मारून वायपर चालवणं मला जास्त पटतं. नाहीतर नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात एका बाजूला कललेलं रबर तसंच कडक होऊन बसतं आणि मृगाच्या पहिल्या पावसात फसवतं.

रबर साफ करायला ओलं फडकं पुरे, कडेवरून दोनदा फिरवा, काळं निघेल. डिझेल, रॉकेल, खोबरेल लावून आवाज बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तेलाने रबर फुगतं आणि काच आणखी तेलकट होते. सँडपेपरने घासून धार काढण्याचाही प्रकार असतो. रबरावरचा घसरता थर त्यात निघून जातो, दोन दिवस बरं वाटतं. ब्लेड घेताना दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असते हे बघा, बहुतेक गाड्यांत उजव्या बाजूचं लांब. दोन्ही लांब घेतली तर ती एकमेकांवर किंवा काचेच्या कडेवर आपटतात.

मोटरच्या बाजूचे बिघाड वेगळे असतात, पण लोक त्यांची यात गल्लत करतात, म्हणून थोडक्यात. बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्येच थांबत असेल तर मोटरमधला पार्किंगचा संपर्क बघा. आपण दांडा बंद केला तरी या संपर्कातून मोटरला वीज मिळत राहते आणि वायपर खाली जाऊन बसला की ती तुटते. तिथे गंज किंवा जळका डाग असला की वायपर भलतीकडे थांबतो, किंवा थांबतच नाही. मोटरचा आवाज येतोय पण एकच वायपर हलतोय, तर दांडीचं नट सैल आहे किंवा लिंकेजचा नायलॉनचा बुश निसटलाय. दोन्ही वेगाने चालतो पण थांबून-थांबून चालत नाही, तर टायमर रिले. फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालू नका, वायर जळते. अशा वेळी कुठे तरी लिंकेज जड फिरतंय आणि मोटर जास्त वीज ओढतेय.

लिंकेज जड का होतं, त्याचं कारण बहुधा झाड असतं. काचेच्या खाली, बोनेटच्या मागे जी काळी जाळी असते, तिच्यात पानं साचतात. गंगापूर रोडला, कॉलेज रोडला सावली बघून आपण झाडाखाली गाडी लावतो. गुलमोहराची बारीक पानं त्या जाळीतून आत जातात, पाणी निघायची भोकं बुजतात आणि पावसाचं पाणी तिथे तळ्यासारखं साचतं. त्याच खोबणीत लिंकेज असतं, बऱ्याच गाड्यांत मोटरही. सळ्या गंजतात, मोटरमध्ये पाणी शिरतं, कधी तेच पाणी एसीच्या वाटेने पायाखाली येतं. मे अखेरीला हाताने पानं काढा, वरून तांब्याभर पाणी ओता आणि ते चाकाजवळून खाली पडताना दिसतंय का ते बघा. पूर्ण पावसाळा सुखाचा जायला हे पाच मिनिटांचं काम फार उपयोगी आहे.

मागच्या काचेचं पाणी बंद असेल तर काही गाड्यांत पुढे-मागे एकच पंप असतो, तो एका दिशेला फिरला की पुढे आणि उलट फिरला की मागे पाणी देतो. पुढचं येतंय आणि मागचं नाही, तर डिकीच्या बिजागरीपाशी नळी सुटली आहे का ते आधी बघा, छताचं कापड ओलं होण्याआधी.

आमच्या गाडीत जुलैच्या पहिल्या आठवड्यात व्हॉल्व्ह बदलला, टाकी धुतली, काच साफ केली आणि त्याच दिवशी ब्लेडची नवी जोडी टाकली. आज डिसेंबरचा दुसरा आठवडा आहे, जोडी तीच आहे. काल पहाटे निफाडला लग्नाला निघालो तेव्हा काच दवाने पांढरी झाली होती, वर आदल्या दिवशीची धूळ. दांडा ओढला, पाणी आधी आलं, मागून रबर फिरलं, दोन फेऱ्यांत रस्ता दिसला. बायकोने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. डाव्या नोझलचा फवारा मात्र अजून थोडा खाली पडतोय, तो रविवारी टाचणीने वर घ्यायचा आहे.